जुलैत टिकेल असा व्हीसॅट: भामरागड तालुक्यातला अनुभव

जिथे फायबर पोचलेलं नाही आणि मोबाइलचा टॉवर डोंगराआड आहे, अशा गावातल्या आश्रमशाळेला आणि आरोग्य उपकेंद्राला व्हीसॅटने, म्हणजे छोट्या डिशने उपग्रहावरून, इंटरनेट द्यायचं तर नेमकं काय करावं लागतं, हे मराठीत सलग लिहिलेलं आम्हाला सापडलं नाही. गडचिरोलीतल्या भामरागड तालुक्यात असं एक काम पूर्ण झालं आणि एक पावसाळाही निघाला, म्हणून हे लिहीत आहे. पावसाळ्याचा उल्लेख मुद्दाम केला. पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की भामरागडचा रस्ता बंद होतो. २०२४ लाही झाला, २०२५ लाही. नेट खरं तेव्हाच लागतं. त्यामुळे प्रत्येक निर्णय घेताना आम्ही एकच प्रश्न विचारत होतो: हे जुलैत चालेल का?

सुरुवात सप्टेंबर २०२४ च्या शेवटी झाली, ती जागेच्या पाहणीपासून. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटरवर असतो आणि जमिनीवरून एकाच जागी स्थिर दिसतो. आमची सेवा ७४ अंश पूर्व रेखांशावरच्या उपग्रहावरची होती. भामरागड साधारण १९.४ उत्तर, ८०.६ पूर्व. यावरून हिशेब केला तर डिशची दिशा उत्तरेपासून १९९ अंश येते, म्हणजे दक्षिणेच्या थोडी पश्चिमेला, आणि क्षितिजापासूनची उंची ६६ अंश. या भागात चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेत एक अंशाहून कमी फरक आहे, त्यामुळे साधा होकायंत्रही चालतो. फक्त तो पत्र्याच्या छपरापासून आणि लोखंडी खांबापासून चार-पाच मीटर दूर धरावा.

६६ अंश म्हणजे उपग्रह बराच डोक्यावर. जंगलातल्या गावाला याचा मोठा फायदा होतो. डिशपेक्षा १५ मीटर उंच असलेलं सागाचं झाड दक्षिणेला सात मीटरवर असलं तरी जेमतेम आड येत नाही. आम्ही दहा मीटर मोकळे राहतील अशी जागा निवडली, कारण फांद्या वाढतात आणि ओल्या पानांतून कू-बँडचा, म्हणजे आमच्या सेवेच्या वारंवारतेचा, सिग्नल जवळजवळ जात नाही. मोहाच्या झाडाखाली डिश लावायची आणि मग झाड तोडायला सांगायचं, असं कुणी करू नये. मोहावर गावाचं पोट असतं. जागा बदलता येते.

पाहणीच्या वेळी आणखी एक काम उरकून घ्यावं: विजेची नोंद. मल्टिमीटर घेऊन फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असे तीन आकडे सकाळी, दुपारी आणि रात्री लिहून ठेवा. न्यूट्रल-अर्थचा आकडा २ व्होल्टच्या आत हवा, अशी बहुतेक सेवा पुरवठादारांची अट असते आणि ती रास्त आहे. खेड्यातल्या सरकारी इमारतींत हा आकडा बऱ्याचदा त्याहून जास्त निघतो, कारण अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षं कोरडा पडलेला असतो.

आता कागदपत्रं. भारतात व्हीसॅटचा परवाना ग्राहकाला काढावा लागत नाही. परवानाधारक सेवा पुरवठादार आपल्या नावावर मंजुऱ्या घेतो, आणि त्याचे अर्ज दूरसंचार विभागाच्या ‘सरल संचार’ पोर्टलवरून जातात. ग्राहकाने द्यायचं ते असं: संस्थेची ओळख आणि पत्त्याचा पुरावा, सहीचा अधिकार कुणाला आहे त्याचं पत्र, वापराचा उद्देश लिहिलेलं लेटरहेड, जागेचे अक्षांश-रेखांश, चारही दिशांचे फोटो आणि इमारतीच्या मालकाचं संमतिपत्र. शेवटच्या कागदाला वेळ लागतो. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाची, उपकेंद्र जिल्हा परिषदेचं. म्हणजे एक फाइल भामरागडच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात आणि दुसरी थेट गडचिरोलीला. दोन्ही पत्रांचा मजकूर आपणच तयार करून न्यावा. त्यात छताला भोक पाडणार नाही, विजेचा खर्च कोण देणार आणि डिश कुठे बसणार, ही तीन वाक्यं स्पष्ट हवीत. ती नसली की फाइल शेऱ्यासह परत येते.

ग्रामसभेचा ठराव २ ऑक्टोबरच्या सभेत घेतला, ते बरं झालं. १५ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि नोव्हेंबरअखेरपर्यंत कार्यालयांतून नव्या मंजुरीची सही मिळणं अवघड होतं. हा काळ मनाला जड गेला. सामान ठरलेलं, गाव तयार, आणि कागद टेबलावर पडून. ज्यांना असं काम हाती घ्यायचं आहे त्यांनी निवडणुकांचं वेळापत्रक आधी पाहून घ्यावं. डिश इमारतीच्या आवारात असेल तर वनविभागाचा प्रश्न येत नाही. वनजमिनीतून तार किंवा खांब न्यायचे असतील तर वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, वीज आणि दूरसंचाराच्या तारा अशा सुविधांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी जमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते. त्या वाटेने जायचं असेल तर ठरावात कलमाचा उल्लेख करा.

एक गोष्ट अर्ज भरतानाच पक्की लक्षात ठेवावी. व्हीसॅट ज्या अक्षांश-रेखांशावर नोंदला तिथेच वापरायचा. शाळेतून उचलून ग्रामपंचायतीत नेला, असं परस्पर करता येत नाही. जागा बदलायची तर नव्याने मंजुरी लागते. म्हणून आम्ही डिश शाळेच्या आवारात ठेवली आणि उपकेंद्रापर्यंत ५ गिगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यातल्या दोन छोट्या वायरलेस पेट्यांनी जोड दिला.

जानेवारी २०२५ मध्ये पायाचं काम. १.२ मीटरच्या डिशला ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्यात साधारण ९० किलोंचा रेटा बसतो. वळवाच्या वादळात एवढा वारा येऊ शकतो. आम्ही ६० सेंटिमीटर लांब-रुंद आणि ९० सेंटिमीटर खोल खड्डा घेतला. तीन इंची जाड जीआय पाइप, त्याच्या बुडाला आडवा गज वेल्ड केलेला, म्हणजे वाऱ्याने पाइप जागच्या जागी फिरत नाही. १:२:४ काँक्रीटला दोन पोती सिमेंट पुरलं. पाइप ओळंब्यात उभा आहे ना, हे दोन काटकोनी बाजूंनी तपासायचं आणि काँक्रीट घट्ट होईपर्यंत टेकू काढायचे नाहीत. पाइप एक अंशाने कलला तर पुढे डिश डावी-उजवीकडे फिरवताना उंचीचा कोनही बदलत राहतो आणि दिवस वाया जातो. सात दिवस पाणी मारलं. गवंडी गावातलाच होता आणि त्याने ओळंब्याचा आग्रह आमच्यापेक्षा जास्त धरला.

अर्थिंगचे दोन खड्डे केले, एक उपकरणांचा आणि एक वीजरोधकाचा, आणि दोन्ही जमिनीखालून पट्टीने एकमेकांना जोडले. वेगळे ठेवले तर वीज पडल्यावर दोन्हींत हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो फरक मोडेममधून वाट काढतो. प्रतिकार ५ ओहमच्या आत आणला. उन्हाळ्यात खड्ड्यात बादलीभर पाणी आठवड्यातून एकदा घालायचं, ही जबाबदारी शाळेच्या कामाठींनी घेतली आहे.

विजेचा हिशेब आधी करा, बॅटरी नंतर घ्या. मोडेम, डिशवरचा प्रक्षेपक म्हणजे बीयूसी, राउटर आणि वायरलेस पेट्या मिळून सुमारे ८० वॅट. दिवसाला दहा तास चालवायचं तर ८०० वॅट-तास. १५० अँपिअर-तासाची १२ व्होल्टची ट्युब्युलर बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते, पण ती निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते. म्हणजे हाती ९०० राहतात. एका बॅटरीत एक दिवस. आम्ही दोन घेतल्या. सौर पॅनेल उन्हाळ्याच्या हिशेबाने अडीचशे वॅटचं पुरलं असतं, पण जुलैच्या ढगांसाठी दुप्पट, ५४० वॅटचं लावलं. बॅटऱ्या प्रत्येकी पंधरा-सोळा हजारांना आणि पॅनेल चौदा हजारांच्या आसपास पडलं. डिश, बीयूसी, सिग्नल झेलणारा एलएनबी आणि मोडेमचा संच साठ-सत्तर हजारांच्या घरात जातो. काही पुरवठादार तो भाड्यानेही देतात. मासिक शुल्क वेगळं, त्यावर १८ टक्के जीएसटी. दरपत्रक तुलनेला घेताना वेगाचा आकडा पाहून भुलू नका. महिन्याचा डेटा किती, तो संपल्यावर वेग किती उतरतो आणि एकाच वाहिनीवर किती ग्राहक बसवले आहेत, हे लेखी घ्या.

डिश फेब्रुवारीच्या मध्यावर चढली. आलापल्लीहून भामरागडकडे येताना रस्त्यावर डिशचा पत्रा वाकू नये म्हणून ती गाद्यांमध्ये बांधून आणली होती. पत्र्यावर आलेला हलका पोचाही सिग्नल खातो.

या डिश ऑफसेट प्रकारच्या असतात. फीड हॉर्न, म्हणजे लहरी सोडणारं आणि झेलणारं तोंड, मध्यभागी नसून खालच्या बाजूला असतो. त्यामुळे उंची ६६ अंश असली तरी डिशचा चेहरा तेवढा वर दिसत नाही. ऑफसेट कोन २२ अंशांचा असेल तर चेहरा ४४ अंशांवर दिसतो. नवखा माणूस इथे घाबरतो आणि डिश अजून वर करतो. डिशमागच्या कोनमापीवर विश्वास ठेवा, डोळ्यावर नको. ध्रुवीकरण, म्हणजे लहरींच्या कंपनाची दिशा, सरळ रेषेतलं असेल तर फीडही फिरवावा लागतो. आमच्या ठिकाणी हा कोन १८ अंश येतो. कुठल्या बाजूला, ते हबकडून, म्हणजे पुरवठादाराच्या मुख्य भूकेंद्राकडून, विचारून घ्यावं.

बाजारात मिळणारा स्वस्त सिग्नल-फाइंडर कुठल्याही उपग्रहावर वाजतो. ७५ अंश पूर्वेलाही कू-बँडचा उपग्रह आहे आणि होकायंत्रावर तो आपल्या उपग्रहापासून तीन अंशांहूनही कमी अंतरावर येतो. म्हणून फाइंडरवर अंदाज घ्यायचा आणि मोडेममध्ये हबने दिलेली वारंवारता व सिम्बॉल रेट भरून मोडेमने आपला सिग्नल पकडला, म्हणजे लॉक केला, का ते पाहायचं. लॉक झाल्यावर खरं काम सुरू होतं. १.२ मीटरच्या डिशचा झोत प्रक्षेपणाच्या वारंवारतेला जेमतेम सव्वा अंश रुंद असतो. अर्धा अंश चुकला तर जवळपास दोन डेसिबल गेले. कोरड्या फेब्रुवारीत याने काहीच बिघडत नाही, नेट छान चालतं, आणि जुलैत पहिल्या जोरदार सरीला बंद पडतं. त्यामुळे नट एकेक अष्टमांश फेरा फिरवून, दोन्ही बाजूंना मोडेमवरचा सिग्नलचा आकडा उतरेपर्यंत जाऊन, मधोमध यायचं. शेवटी नट आवळतानाही आकडा पाहत राहायचं, कारण आवळतानाच डिश किंचित सरकते. नंतर खांबावर आणि पट्ट्यांवर ऑइलपेंटने खुणा करून ठेवा.

केबलकडे फार लोक दुर्लक्ष करतात. साध्या आरजी-६ केबलची मधली तार पोलादी असून वर तांब्याचा मुलामा असतो. टीव्हीला ती चालते. इथे त्याच तारेतून बीयूसीला २४ व्होल्टवर सुमारे एक अँपिअर वीज जाते, आणि पोलादी तारेत तीस मीटरला अडीच-तीन व्होल्ट गळतात. बीयूसी कधी चालू, कधी बंद, असा विचित्र दोष दिसतो आणि सगळे मोडेमला नावं ठेवतात. अस्सल तांब्याची तार घ्या, लांबी तीस मीटरच्या आत ठेवा, एफ कनेक्टर कॉम्प्रेशन प्रकारचेच वापरा. प्रत्येक जोडावर स्वतःशीच चिकटणारा रबरी टेप, त्यावर काळा टेप, आणि इमारतीत शिरण्याआधी केबलला खाली झोका, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. माकडांसाठी केबल लोखंडी पाइपातून न्या.

मग हबशी बोलून प्रक्षेपणाची चाचणी द्यावी लागते. हब आपल्याला विनामोड्युलेशन, म्हणजे माहिती न भरलेली, वाहक लहर सोडायला सांगतो, आणि ती विरुद्ध ध्रुवीकरणात किती सांडते ते मोजतो. ती जास्त सांडली तर त्याच उपग्रहावरच्या दुसऱ्या कुणाचं काम बिघडतं, म्हणून ही चाचणी झाल्याशिवाय प्रक्षेपण कायम सुरू करू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. अडचण अशी की हबशी बोलायला फोन लागतो, आणि फोन नाही म्हणूनच तर आपण आलोय. कुणाकडून थुराया किंवा इरिडियमचा सॅटेलाइट फोन मागून आणायचा विचारही करू नका. परवान्याशिवाय तो बाळगणं भारतात गुन्हा आहे. आम्ही हबकडे आठवडाभर आधी वेळ ठरवून घेतली, जिथे मोबाइलला रेंज मिळते त्या टेकाडावर एक जण उभा केला आणि निरोप सायकलवरून ये-जा करत राहिले. “फीड घड्याळाच्या दिशेने अजून थोडा” हा निरोप पोचून उत्तर यायला वेळ लागतो, तेवढा वेळ हबच्या माणसाने धरून ठेवावा लागतो. त्याला आधीच तसं सांगून ठेवा. संध्याकाळी उपकेंद्रातल्या सिस्टरांनी गडचिरोलीच्या डॉक्टरांना पहिला व्हिडिओ कॉल लावला, तेव्हा दाराशी निम्मं गाव होतं. तो आनंद शब्दांत पकडायला मला जमणार नाही.

त्यानंतरचे प्रश्न वापराचे. सिग्नलला वर जाऊन खाली यायला ७२,५०० किलोमीटर तोडावे लागतात. प्रश्न-उत्तर मिळून जवळपास अर्धा सेकंद प्रवासातच जातो आणि पिंग ६०० मिलिसेकंदांच्या आसपास दिसतो. हे बिघाडाचं लक्षण नाही आणि कितीही पैसे मोजून कमी होत नाही. एखादं सुरक्षित संकेतस्थळ उघडायला तीन-चार फेऱ्या लागतात, म्हणून पान उघडायला दोन सेकंद आणि मग भराभर. मोडेममध्ये टीसीपीचा, म्हणजे इंटरनेटवरच्या माहितीच्या देवाणघेवाणीचा, वेग राखणारी सोय असते, पण व्हीपीएन, म्हणजे सगळी माहिती गुप्त करून नेणारी जोडणी, चालू केला की ती आतलं काही पाहू शकत नाही आणि वेग कोसळतो. कार्यालयीन कामाला व्हीपीएन लागत असेल तर पुरवठादाराशी आधी बोला. राउटरमध्ये डीएनएसची, म्हणजे संकेतस्थळांच्या पत्त्यांची, स्थानिक साठवण चालू करा. फरक लगेच जाणवतो.

चार एमबीपीएसच्या जोडणीला सगळ्यात मोठा धोका फोनच्या स्वयंचलित अपडेटचा. शिक्षकांचे आठ-दहा फोन रात्री वाय-फायला लागले की महिन्याचा डेटा आठवड्यात संपू शकतो. अपडेट आणि व्हिडिओच्या ठिकाणांना दिवसा वेगमर्यादा घाला, आणि ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यकीय सेवेच्या सल्ल्यासाठी दोन्ही दिशांना अर्धा एमबीपीएस कायम राखून ठेवा. मुलांच्या अभ्यासाचं साहित्य उपग्रहावरून रोज ओढण्यात अर्थ नाही. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर कोलिब्री आणि किविक्स ही इंटरनेटशिवाय वाचता येणाऱ्या साहित्याची सॉफ्टवेअर चढवली, मराठी विकिपीडिया त्यातच आहे, आणि ते सगळं शाळेच्या वाय-फायवर उपग्रहाशिवाय चालतं. मुलं ज्या वेगाने ते वापरतात, तो शहरातल्या शाळेतल्यासारखाच आहे.

११ मार्चच्या आसपास दुपारी पावणेएकच्या सुमारास जोडणी सात-आठ मिनिटं गेली, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळी. घाबरू नका. सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आला की त्याचा गोंगाट सिग्नल बुडवतो. आपल्या अक्षांशावर हे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस होतं. ऑक्टोबरमध्ये वेळ साडेबाराच्या जवळ येते. या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, म्हणजे त्या वेळी कुणी डिशला हात लावणार नाही.

मे महिन्यात फीड हॉर्नच्या तोंडावर गांधीलमाश्यांनी मातीचं घर केलं आणि आकडा दोन डेसिबलने उतरला. साफ करताना आधी मोडेम बंद करायचा, कारण बीयूसी चालू असताना फीडसमोर डोकं नेऊ नये. झाकणाची पातळ पापुद्र्यासारखी खिडकी नखानेही फाटते; ओल्या फडक्याने पुसा. ती फाटली तर जुलैत पाणी आत जातं आणि एलएनबी गेलाच.

मग जुलै. मुसळधार सरीत जोडणी गेली, हे खरं. दहा-पंधरा मिनिटांसाठी. संथ, दिवसभराच्या पावसात ती गेली नाही. मोडेमने स्वतःच मोड्युलेशन उतरवून वेग कमी केला आणि तग धरला. पूल पाण्याखाली असताना उपकेंद्रातून बाळंतपणाच्या एका केसबद्दल सल्ला घेता आला. दुसऱ्या बॅटरीची किंमत त्या एका दिवसात वसूल झाली, असं मी मानतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट कंपनीसोबत इरादापत्रावर सही केली, त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम या जिल्ह्यांचा उल्लेख आहे. त्यामुळे आता अनेक जण विचारतात, जुना व्हीसॅट कशाला? स्टारलिंकच्या साडेपाचशे किलोमीटरच्या आसपासच्या उपग्रहांचा पिंग खूपच कमी असतो, हे मान्य. पण ते आकाशभर फिरतात, त्यामुळे डिशला फार मोठं मोकळं आकाश लागतं. सागाच्या जंगलात एका फटीतून चालणारा भूस्थिर उपग्रह आणि उघडं मैदान मागणारी नवी सेवा, यांतली निवड जागा पाहूनच होईल. पाया, अर्थिंग आणि बॅटऱ्या दोन्हींना लागतातच.

राहिला दरमहाच्या शुल्काचा प्रश्न. अशा जोडण्या पहिल्या वर्षानंतर बंद पडतात त्या बहुतेक बिल थकल्यामुळे. पेसा (आदिवासीबहुल अनुसूचित भागांसाठीचा पंचायत कायदा) क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो, आणि त्यात शिक्षण-आरोग्याच्या कामांसाठी ग्रामसभा प्रस्ताव ठेवू शकते. तो ठराव मार्चअखेरची घाई सुरू होण्याआधी, २६ जानेवारीच्या सभेतच घ्या. सोबत पुरवठादाराचं पुढच्या वर्षाचं दरपत्रक, वापराच्या नोंदीची वही आणि सुट्या भागांची यादी जोडा: एक एलएनबी, दहा एफ कनेक्टर, रबरी टेपची दोन रिळं, बॅटरीचं पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर. हे सामान मेअखेर गावात पोचलेलं असावं.